वाकड्या तिकटीची शहाणी फरशी

सोनकरंजीच्या बाजारात तीन रस्ते एकत्र येतात, पण एकही धड सरळ येत नाही. स्टँडकडचा रस्ता ऐन वेळेला अंग चोरून डावीकडे मुरडतो, घाटाकडचा चढ संपता संपता तिरका होतो, आणि सूतगिरणीकडचा तर अप्पा उगारे यांच्या कापडदुकानाच्या पायरीवर आदळता आदळता वळतो. या जागेला गाव वाकडी तिकटी म्हणतं. नगरपालिकेनं तिला वेळोवेळी थोर नावं दिली, पाट्या लावल्या, पाट्या गंजून पडल्या. लोकांच्या तोंडी वाकडी तिकटीच राहिली.

तिला सरळ करायचे प्रयोग काही कमी झाले नाहीत. मध्ये कारंजं बांधून झालं, त्यात टेंपो जाऊन बसला. सिग्नल लावून झाले. पिवळा दिवा लागला की तिन्ही बाजूंच्या गाड्या एकदमच निघायच्या. मग बायपासवर काचेचं मोठं व्यापारसंकुल उभं राहिलं आणि गिऱ्हाईक तिकडं वळलं. तिथं गाडी लावायला जागा होती, सावली होती, बसायला बाकडी होती. तिकटीवर मात्र ब्लाउजपीस घ्यायचा म्हणजे आधी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा. भर दुपारी दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकून डुलक्या काढू लागले.

तिकटीच्या या दुखण्यात अप्पांचाही थोडा हात होता, हे सांगायला हवं. त्यांचं दुकान उत्तरेकडं तोंड करून, आत कायम अंधार. आणि अप्पांचा बाणा असा, की दिव्याच्या उजेडात रंग दाखवून कापड विकायचं नाही. "उजेडात बघा, मग बोला," असं म्हणत ते ताग्याचं टोक खांद्यावर टाकायचे आणि थेट रस्त्यात उतरायचे, कारण दोन इमारतींच्या फटीतून ऊन नेमकं तिकटीच्या मध्यावर पडायचं. मागून गिऱ्हाईक, गिऱ्हाइकामागून तिची आत्या आणि मावशी. मग हा मोरपंखी की गडद हिरवा यावर भर रस्त्यात चर्चा, आणि तिन्ही बाजूंनी हॉर्न. त्यांचं बघून साऱ्या बाजारालाच ती खोड लागली होती.

अशा ठिकाणी त्रिशला आली. त्रिशला मगदूम ही अप्पांची भाची. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले, तेव्हा मामा तिला घरी घेऊन आले, आणि ती याच दुकानात ताग्यांमागे लपंडाव खेळत वाढली. पुढं इंजिनिअर झाली, शहरांचे अडलेले चौक सोडवणाऱ्या एका संस्थेत लागली, आणि फिरून फिरून तिच्या वाट्याला पहिलं मोठं काम आलं ते वाकड्या तिकटीचंच.

"जगात दुसरा चौक न्हवता काय तुला?" मामा म्हणाले. पण व्यापारी संघाचे अध्यक्ष तेच होते, आणि दुकानोदुकानी जाऊन पोरीसाठी शब्द टाकला तोही त्यांनीच. ठरलं असं, की दिवाळीपर्यंत चाचणी करायची. दिवाळी झाली की व्यापाऱ्यांनी हात वर करून सांगायचं, ठेवायची की उखडायची.

त्रिशलानं तिकटीवर बसवली ती फरशी होती. कागदोपत्री तिचं नाव 'प्रतिसादी पृष्ठभाग'. बाजारानं ते नाव पहिल्याच दिवशी ऐकून सोडून दिलं आणि तिला शहाणी फरशी म्हणायला सुरुवात केली.

एकेक फरशी वीतभर लांबीरुंदीची. तिच्या पोटात विशिष्ट स्फटिकांचा, पापडासारखा पातळ थर. काही स्फटिक दाबले की त्यांच्यातून विजेची बारीक लहर उठते. गॅसच्या लायटरची ठिणगी त्यातूनच येते. इथं पाऊल पडलं की तशी लहर उठायची. टाच आधी टेकली की चवडा, भार किती, पुढचं पाऊल किती अंतरावर आणि किती वेळानं पडलं, हे फरशीला कळत होतं. या थराखाली तेलाची एक चपटी पिशवी होती आणि त्या तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण होते. असं तेल चुंबकाच्या प्रभावाखाली क्षणात घट्ट होतं आणि प्रभाव काढला की पुन्हा पातळ. छोट्या पंपानं पिशवी भरायची, चुंबकानं तेल घट्ट करायचं, की फरशी चार बोटं वर उचलली जायची आणि भरलेला ट्रकही पेलायची. थोडक्यात, हवा तिथं फूटपाथ आणि हवा तिथं गतिरोधक. काम झालं की रस्ता पुन्हा सपाट.

कुठं काय करायचं याचा आराखडा मात्र कुणी काढून दिला नव्हता. फरशी पायांवरून शिकत होती. सकाळी घाटाकडची कड भाजीवाल्या बायकांसाठी आपोआप रुंद व्हायची, शाळा सुटायच्या सुमाराला पोरांसाठी वाट उंच व्हायची, दुपारी मालाच्या गाड्यांना जागा मिळायची. आणि मध्यावर, उन्हाच्या पट्ट्यात, खांद्यावर कापड टाकून माणसं उभी राहतात हेही तिनं लवकरच हेरलं. तिनं त्यांना हाकललं नाही. माणूस थांबला की त्याच्याभोवती चार बोटांचा ओटा वर यायचा, आणि गाड्या दोन्ही बाजूंनी सावकाश वळसा घालून जायच्या. बाजारानं असा चौक कधी पाहिला नव्हता. दुकानांपुढं सावलीची छपरं आली, बाकडी आली, बायपासला गेलेल्या बायका परत येऊ लागल्या.

फरशीला आणखी एक गोष्ट येत होती. माणसाची चाल त्याच्या हस्ताक्षरासारखी असते. लाखात एखाद्याची दुसऱ्याशी जुळते. फरशी प्रत्येक चालीला एक खूण द्यायची आणि ती लक्षात ठेवायची. हळू चालणारं माणूस रस्त्यात उतरलं की त्याला किती वेळ लागेल हे तिला आधीच माहीत असायचं, आणि तेवढा वेळ ती गाड्यांपुढचे गतिरोधक वर धरून ठेवायची. लोकांना याची धास्ती वाटू नये म्हणून त्रिशलानं स्वतः नियम लिहिला होता: फरशी कुणाचं नाव विचारणार नाही, आणि ज्याला आपली खूण नको असेल त्याला, तो स्वतः परत सांगेपर्यंत, ती विसरेल. एकदा विसरली की तो माणूस तिच्या लेखी रोज नवा, चारचौघांसारखा. या नियमाचा त्रिशलाला फार अभिमान होता.

काम चालू असेतो ती मामांकडेच राहत होती, दुकानाच्या वर. घर जैन वळणाचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. एका संध्याकाळी मामा खालून यायच्या आधी सुगंधामामी ताटं घेता घेता हळूच म्हणाली, "तुझे मामा माझ्यावर रागावल्यात."

"कशावरून?"

"संक्रांतीपासून तोंडावरची रेघ हलत न्हाई. तिळगूळ दिला तर नुसता घेतला. मी काय सांगायला गेलं की दगडासारखं बघत बसतात."

"विचारलंस काय त्यांना?"

"काय विचारायचं? मला ठाऊक हाय." मामीनं आवाज आणखी खाली आणला. "त्यांची जुनी सायकल मी भंगारवाल्याला दिली. न विचारता."

त्रिशलाला हसू फुटलं. मामी हसली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा राग कसा दिसतो हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती, असं तिचं म्हणणं. मामा वर आले, जेवले, "आमटी बरी झालीय," असं पुटपुटले. चेहरा कोराच. मामीनं त्रिशलाकडं बघितलं, आणि त्रिशलालाही क्षणभर वाटलं, सायकलीचं प्रकरण खरंच मनाला लागलेलं दिसतं.

भाद्रपदात तक्रार आली. इलाही मणेर यांचं बांगड्यांचं दुकान अप्पांच्या बरोबर समोर. अप्पांकडं साडी घेतलेली बाई तशीच पलीकडं जाऊन बांगड्या भरायची, असा दोन पिढ्यांचा रिवाज. अप्पा आणि इलाही एकमेकांना अरेतुरे करायचे, आणि भांडायचेही तितक्याच मोकळेपणानं. इलाही दोन दुकानदारांना घेऊन त्रिशलाकडं आले. चेहरा अवघडलेला.

"त्रिशला, एक विचारू? राग मानू नको."

"विचारा की चाचा."

"दुपारच्या गाड्या अप्पाच्या दारातच का थांबत्यात गं? गिऱ्हाईक पलीकडं जाऊन बांगड्या भरून झाल्या तरी गतिरोधक खाली येत न्हाई. थांबलेला माणूस काय करणार? बाजूला बघणार. बाजूला काय, तर अप्पाची साड्यांची काच." त्यांनी मागच्या दोघांकडं बघितलं. "मी म्हणत न्हाई. पण लोक म्हणायला लागल्यात, मामाचं दुकान आणि भाचीची फरशी. दिवाळीनंतर हात वर करायच्या वेळेला हे सगळं आठवंल त्यांना."

त्रिशलाला ते झोंबलं. तिनं कुणाला झुकतं माप दिलं नव्हतं, आणि मामांना तर नाहीच. त्याच दुपारी ती फरशीनं जमवलेल्या नोंदी उघडून बसली.

गाड्या थांबत होत्या त्या एकाच खुणेसाठी. एकच चाल, दिवसातून कितीतरी वेळा रस्ता ओलांडणारी. उन्हाळ्यात ती चाल बरी होती. मग पाऊल आखूड होत गेलं. डावा पाय पुरता उचलला जात नव्हता, घासत होता. वळताना साधा माणूस दोन पावलांत वळतो, ही चाल पाच-सहा बारीक पावलं घेत होती. फरशी बिचारी दर आठवड्याला थोडा जास्त वेळ गतिरोधक धरून ठेवत होती. चालीवरून आजार ओळखण्याबद्दल त्रिशलानं कामापुरतं वाचलं होतं. पार्किन्सनचा आजार. मेंदूच्या एका लहानशा भागातल्या पेशी मरू लागतात, डोपामिन नावाचं रसायन कमी पडू लागतं, आणि ज्या हालचाली माणूस विचार न करता करतो त्याच आधी आखडतात.

खुणेला नाव नव्हतं. नियमच तसा होता. म्हणून ती यंत्र बंद करून खाली गेली आणि इलाहीचाचांच्या पायरीवर उभी राहिली.

समोरून मामा उतरले. खांद्यावर तागा, मागं दोन बायका. डावी चप्पल फरफटत होती. डावा हात चालताना झुलत नव्हता, अंगाला चिकटून होता. मध्यावर पोचेपर्यंत बायका त्यांच्या पुढं निघून गेल्या. गाड्या थांबलेल्या होत्या, आणि कुणी ड्रायव्हर आळसावून खरोखरच साड्यांच्या काचेकडं बघत होता.

त्रिशलाला रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. ती त्याच घरात राहत होती, त्याच पंगतीला जेवत होती. चौकातल्या हजारो अनोळखी पावलांचा अभ्यास करताना घरातली दोन पावलं तिनं एकदाही बघितली नव्हती.

संध्याकाळी ती दुकानात गेली तेव्हा मामा एकटेच होते, कात्रीनं कापड कापत. मामांनी कधी कात्री वापरल्याचं तिला आठवत नव्हतं. कडेला एक चीर द्यायची आणि एका झटक्यात सरळ फाडायचं, यासाठी उगारे यांचं दुकान प्रसिद्ध होतं. तिनं काही आडपडदा न ठेवता सांगितलं.

मामांनी कात्री खाली ठेवली. "तुझी फरशी बोलली व्हय हे?"

"मी डोळ्यांनी बघितलंय, मामा. डॉक्टरांना दाखवूया."

"दसऱ्याचा हंगाम झाल्यावर दाखवू." त्यांनी कापलेला तुकडा घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "नको असेल त्याला फरशी विसरंल, असं तूच लिहिलंयस न्हवं?"

"हो."

"मग मला विसरू दे."

"मामा, तुम्ही ओलांडताना गाड्या..."

"फरशी न्हवती तवा कोण थांबवत होतं गाड्या? हे बघ, इलाही काय म्हणतोय ते माझ्या कानावर आलंय. भाचीनं मामाची भर केली म्हणतात. ते खोटं पाडायचं तर तुला सांगावं लागणार, मामा आजारी हाय, त्याचे हात थरथरतात. कापडवाल्याचे हात. त्यापरीस गाड्या सुटू देत, तुझं काम टिकू दे. आणि मामीला यातला एक शब्द सांगायचा न्हाई."

बोलताना त्यांचा आवाज चिडलेला होता आणि चेहरा तसाच कोरा होता. त्रिशलाला वाटलं, मामा आपल्यावरही रागावले.

ती रात्र तिला फार जड गेली. नियम लिहिताना तिच्या डोळ्यांपुढं परके लोक होते. परक्यांचा हक्क देऊन टाकणं सोपं असतं. आता मामांना नाही म्हणावं तर नियमाला अर्थ नाही, आणि दिवाळीनंतर मामांचं दुखणं बाजारात मांडल्याशिवाय फरशी वाचणार नाही. हो म्हणावं तर सगळं सुखरूप, फक्त मामा सोडून. शेवटी शहाणंसवरतं माणूस स्वतःबद्दल मागतंय ते द्यायलाच हवं, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि ती खूण पुसून टाकली. हे पटलं म्हणून केलं की सोयीचं होतं म्हणून, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

तक्रार दुसऱ्याच दिवशी मिटली. गाड्या सुरळीत जाऊ लागल्या. इलाहीचाचांनी तिच्यासाठी मुद्दाम चहा पाठवला. मामा ओलांडायला निघाले की त्रिशला काही ना काही निमित्त काढून खाली यायची. त्यांनी एकदा नुसतं वळून बघितलं, तेव्हापासून ती लांबून बघू लागली.

दसरा तोंडावर आला तसा बाजार फुलला. त्या दुपारी लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायकांना मामांनी चिंतामणी रंगाचा तागा दाखवायला मध्यावर नेला. रंग पसंत पडला. बायका बोलत बोलत दुकानाकडं परतल्या. मामाही वळले, दोन पावलं टाकली, आणि ऐन गाड्यांच्या वाटेत उभे राहिले.

या आजारात असं होतं. चालता चालता पाऊल एकाएकी थिजतं. माणसाला चालायचं असतं, अंग पुढं झुकतं, पण तळवे जमिनीला डकवल्यासारखे राहतात. फरशीनं मामांना ओळखलं असतं तर तिनं गतिरोधक वर धरून ठेवले असते. पण तिच्या लेखी हा कुणी नवा माणूस होता. भर रस्त्यात, खांद्यावर कापड टाकून थांबलेला माणूस म्हणजे काय, हे तिला या बाजारानंच शिकवलं होतं. तो उजेडात रंग बघत असणार. तिनं शिकल्याप्रमाणं केलं. मामांभोवतीची फरशी चार बोटं वर उचलली, गतिरोधक खाली घेतले आणि गाड्या सोडल्या.

आता ज्या पायांना सपाट जमिनीवर पाऊल उचलता येत नव्हतं त्यांना ओट्यावरून खाली उतरायचं होतं, आणि दोन्ही अंगांनी रिक्षा आणि टेंपो घासून जात होते. मामा पुढं कलू लागले.

त्रिशला धावत निघाली, धावता धावता फोनवरून फरशी थांबवायला बघत होती. बोटं चुकत होती. तिच्या आधी समोरच्या दुकानातून इलाही अनवाणी उतरले. एका टेंपोपुढं हात आडवा धरून ते ओट्यावर चढले, मामांच्या खांद्यावरचं कापड धरून त्यांनी दोन्ही हातांनी पसरलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अप्पा, हा चिंतामणी व्हय रे? याला हिरव्या बांगड्या जातील का लाल?"

कापडाआडून मामा पुटपुटले, "इलाही, पाय उचलत न्हाई."

"नको उचलू. उभा राहा. मी पण उभा हाय."

बघणाऱ्यांना वाटलं, दोन म्हातारे नेहमीसारखे रंगावरून वाद घालताहेत. एकदोघांनी चिडून हॉर्नही वाजवला. तेवढ्यात त्रिशलाला फोनवर फरशीचं बटण सापडलं. गाड्या थांबल्या, ओटा बसला, आणि थोड्या वेळानं पाऊल आपणहून सुटलं. कापड मात्र इलाहींनी दुकानाच्या पायरीपर्यंत तसंच पसरून धरलं होतं.

"मला सांगायचं न्हाई काय रे?" पायरीवर बसल्यावर ते म्हणाले. इलाही त्रिशलाकडं वळले. "आणि मी तुझ्याकडं तक्रार घेऊन आलो. ज्याच्यासाठी गाड्या थांबत होत्या तो माझ्या समोर रोज चालत होता."

"मलाही दिसलं नव्हतं, चाचा," त्रिशला म्हणाली.

वरच्या खिडकीतून मामीनं सगळं बघितलं होतं, त्यामुळं आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन दिवसांनी तिघंही मिरजेला गेली. डॉक्टर बाई होत्या, मोकळेपणानं बोलणाऱ्या. त्यांनी मामांना चालवून बघितलं, बोटं उघडझाप करायला लावली, चार ओळी लिहून घेतल्या. आजार तोच होता. तो बरा होणारा नव्हता, पण औषधांनी पुष्कळ वर्षं सांभाळता येणारा होता.

"घरच्यांना एक सांगते," डॉक्टर मामीकडं बघून म्हणाल्या. "यात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. माणूस आतून हसत असतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. पुष्कळ घरांत गैरसमज होतात. वाटतं, माणूस रागावलाय."

बाहेर आल्यावर, औषधाच्या रांगेत, मामीनं खालमानेनं विचारलं, "म्हणजे तुम्हाला सायकलीचा राग आला न्हवता?"

"कुठली सायकल?" मामा म्हणाले.

मामी आधी हसली, मग तोंडाला पदर लावून रडली. इतके महिने ती त्या रागाला घाबरून वागत होती, आवडीच्या भाज्या करून त्याची समजूत काढत होती, आणि राग तर कुठंच नव्हता. मामा तिच्याकडं बघत राहिले. त्यांना काय वाटत होतं ते चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती, पण त्यांनी थरथरता हात पुढं करून तिचा हात धरला, रांगेतल्या सगळ्यांसमोर.

परतीच्या वाटेवर त्रिशला डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीचा विचार करत होती. थिजलेलं पाऊल सोडवायला जमिनीवरच्या आडव्या रेघा उपयोगी पडतात. सवयीनं चालायची मेंदूतली वाट बुजली, तरी समोर बघून, ठरवून एक रेघ ओलांडायची वाट शाबूत असते. फरशीला अशा रेघा काढणं अवघड नव्हतं. अगदी अर्ध्या बोटाची उंची, पावलापुढं एक, मग पुढची, मग त्यापुढची. पण त्यासाठी फरशीला मामांची चाल ओळखता यायला हवी होती. शिवाय रेघा उघड्या रस्त्यावर उठणार.

"म्हणजे रेघा आल्या की अख्ख्या बाजाराला कळणार, अप्पा उगारे निघाला," मामा म्हणाले.

"हो, मामा. ते लपवता येणार नाही. तुम्ही म्हणाल तसं करूया."

त्यावर मामा सोनकरंजी येईपर्यंत खिडकीबाहेरचा रस्ता बघत राहिले.

दिवाळी झाली आणि व्यापारी संघाची बैठक भरली. कमाई वाढल्याचं बहुतेकांनी कबूल केलं. तरी मागून कुणीतरी विचारलंच, की मधले काही आठवडे गाड्या एकाच दुकानापुढं का थांबत होत्या. त्रिशला अध्यक्षांशेजारी बसली होती. उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते द्यायचा अधिकार तिचा नव्हता. ती गप्प राहिली, आणि या गप्प बसण्याचा अर्थ लोक काय लावताहेत तेही तिला दिसत होतं.

मामा उभे राहिले. त्यांना उभं राहायला वेळ लागला. आवाज इतका बारीक होता की मागची मंडळी पुढं सरकली.

"गाड्या माझ्यासाठी थांबत होत्या. मला पार्किन्सन झालाय. तुमच्या आधी ते फरशीला कळलं, आणि माझ्या आधी पण. भाचीनं मला सांगितलं, तर मी तिला म्हणालो, मला पुसून टाक. तिनं पुसलं. तिची यात चूक न्हाई. लाज मला वाटत होती." त्यांनी श्वास घेतला. "आता मी म्हणतोय, मला परत ओळखू दे. तुम्ही फरशी ठेवलीत तर माझ्यापायी गाड्या थांबणार, रस्त्यात रेघा पण येणार. ते चालत असंल तर हात वर करा. नसंल चालत तर उखडा, मी अध्यक्ष म्हणून सही करतो."

पहिला हात इलाहींचा वर गेला. मग एकेक करत बाकीचे. सगळे गेले नाहीत; कोपऱ्यातले तिघे-चौघे घड्याळाकडं बघत बसले. पण फरशी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन मध्यावर आलं तेव्हा, मामा पायरी उतरले. खांद्यावर कापड नव्हतं. मामी बरोबर होती. फरशीला चाल नव्यानं शिकायची होती, म्हणून आधी सावकाश दोन-तीन फेऱ्या झाल्या. मग तिला ओळख पटली. गाड्यांपुढचे गतिरोधक वर आले आणि मामांच्या पावलापुढं एक बारीक रेघ उठली. त्यांनी ती ओलांडली. दुसरी उठली. तीही ओलांडली. दुकानांतून माणसं बघत होती, थांबलेल्या रिक्षांतून बायका डोकावत होत्या, आणि मामा कुणाकडंही न बघता एकेक रेघ ओलांडत मध्यावर पोचले. ते थांबले तसा त्या दोघांभोवती ओटा वर आला.

"मी हसलो," मामा म्हणाले.

"कधी?"

"आत्ता. दिसलं न्हाई?"

मामीनं उन्हात त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. "न्हाई."

"पण हसलो मी."

"मग असंच सांगत जावा की मला," मामी म्हणाली.